साडूच्या छातीतली ढेप

माझा साडू बिरू डोक्याच्या पटक्यात गूळ ठेवायचा.

थोडाथोडका नव्हे, चांगला मुठीएवढा खडा. कागदात गुंडाळून पटक्याच्या आतल्या घडीत खोचलेला. बोलता बोलता हात वर जायचा, दोन बोटं घडीत शिरायची आणि चिमटीभर गूळ तोंडात पडायचा. उन्हाळ्यात हा गूळ पाघळायचा. कानामागून तांबडा ओघळ खाली यायचा आणि नवख्या माणसाला वाटायचं, ह्याचं डोकं फुटलंय. उंब्रजच्या स्टँडवर एकदा एका बाईनं ओरडून माणसं गोळा केली होती. बिरूनं ओघळ बोटानं पुसला, बोट चाटलं आणि म्हणाला, "मावशी, भिऊ नगा. ग्वाड हाय."

माश्या तर त्याच्याबरोबर एसटीनं फिरायच्या. आटपाडीला बसायच्या आणि आमच्यात उतरायच्या. तो त्यांना "माजी मेंढरं" म्हणायचा.

त्याची बायको शेवंता आणि आमची हौसा ह्या सख्ख्या बहिणी. माहेर कोरेगावच्या बाजूला. हौसा थोरली, म्हणून थोरला जावई मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण सासरवाडीत ते कुणाच्या ध्यानात राहायचं नाही.

मी कोण, तर गुळव्या. चौथीपर्यंत शिकलो आणि चौथीत नापास झालो. पण काहिलीतला रस कधी उतरवायचा हे विचारायला पार कराडपासून माणसं यायची. उकळता पाक गार पाण्यात टाकायचा आणि गोळी कशी वळते ते दोन बोटांनी बघायचं. एक क्षण आधी उतरवला तर गूळ पातळ, एक क्षण उशीर झाला तर काळा. ते बोटांना कळतं, पुस्तकाला कळत नाही. माझ्या हातची ढेप कधी काळी पडली नाही. आता एवढा माणूस मी, पण सासरवाडीच्या जत्रेला गेलो की सासूबाई मला "या" म्हणायच्या आणि बिरूला "आलं गं बाई माजं बिरू!" म्हणायच्या. मटणातली नळी बिरूच्या ताटात. माझ्या ताटात मान. मानेचं हाड हो, दुसरा मान नव्हे.

माझ्या बापानं मेंढरं सोडून नदीकाठाला शेत धरलं. बिरूच्या घरानं मेंढरं सोडली नाहीत. आटपाडीकडच्या माळावर सगळा जन्म गेला त्याचा. अंगानं काटकुळा, आवाज खणखणीत. आणि एक वाक्य तोंडात कायम, "हाय का कुनाकडं?"

त्याचा एडका टकरीत जिंकला की "असला एडका हाय का कुनाकडं?" शेवंतानं बाजरीची भाकरी केली की "असला पापुद्रा हाय का कुनाकडं?" एकदा त्याला विंचू चावला. पाय सुजून मुसळ झाला होता. मी बघायला गेलो तर पाय पुढं करून म्हणाला, "थोरलं साडू, असली सूज हाय का कुनाकडं?"

सगळ्यात मोठा डौल बोटांचा. बिरू जत्रेत ढोल वाजवायचा आणि वाजवायचा झकास, हे मी नाइलाजानं सांगतो. चाळिशी उलटली तशी त्याच्या हाताच्या बोटांची टोकं जाड व्हायला लागली. नखं गोल, फुगीर, उलट्या वाटीसारखी. बिरू सगळ्यांना दाखवत सुटला. "ढोलानं घडवली ही बोटं. तीस वर्सं थाप मारावी लागती तवा अशी हुत्यात. हाय का कुनाकडं?" लोक ती बोटं हातात घेऊन बघायचे. मी बी तीस वर्षं काहिलीतल्या पाकात बोटं घातली. पोळून पोळून कातडं मेलं. कुणी म्हटलं नाही, दाखवा बघू.

मला मिरवायला आयुष्यात एकच गोष्ट मिळाली. मुतखडा. चार दिवस गडाबडा लोळलो आणि पाचव्या दिवशी तो आपसूक पडला. तुरीच्या डाळीएवढा, काटेरी. मी तो आगपेटीत कापूस घालून ठेवला. पारावर आगपेटी उघडली की माणसं वाकून बघायची. चांगले सहा महिने माझे दिवस होते.

मग शेवंता गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेली. पोरबाळ नव्हतं. बिरू एकटा राहिला, मेंढरं चारत राहिला. दिवसाला बाराव्याला मीच गेलो होतो. रडला नाही. गूळ खात बसला होता. मला तेव्हा राग आला होता, तो अजून आठवतो.

वर्षा-दीड वर्षानं बातमी आली की बिरूच्या अंगात देव येतो.

दिवस उगवायच्या वेळेला म्हणे त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, डोळे लांब कुठंतरी लागतात आणि तो असंबद्ध बोलायला लागतो. ओळखीच्या माणसाला ओळखत नाही. मग कुणीतरी शहाण्यानं नैवेद्य म्हणून गुळाचा खडा तोंडात घातला. दहा-पंधरा मिनिटांत देव गेला आणि बिरू बिडी मागायला लागला. झालं! देवाला गूळ आवडतो हे ठरलं. लोक पहाटे त्याच्या दारात येऊन बसायला लागले, हातात गूळ आणि पोटात प्रश्न घेऊन. आधी प्रश्न विचारायचा, मग गूळ द्यायचा, असा क्रम. कारण गूळ आधी दिला तर देव लगेच निघून जायचा.

एकानं विचारलं, बोअर कुठं मारू? बिरू घामाघूम होऊन पुटपुटला, "मागं… मागं…" गडी वीस पावलं मागं सरकला आणि तिथं बोअर मारली. पाणी लागलं. मग काय बोलता! देवाची गादी पक्की झाली.

माझ्या आगपेटीकडं आमच्या गावात सुद्धा कुणी बघेना.

त्या थंडीत गुऱ्हाळ लागलं तेव्हा हौसा म्हणाली, "बिरूला बोलवूया महिनाभर. एकला हाय, काय खातोय, काय पितोय."

मी म्हणालो, "देव हाय त्यो. देवाला काय कमी?"

"तुमास्नी बघवत न्हाई, दुसरं काय!"

बिरू आला. माश्या घेऊन आला. चढ चढून घरापर्यंत आला तर धाप लागली होती, ओट्यावर बसून पाच मिनिटं बोलता येईना. "बिडी लय झाली," म्हणाला. हौसानं पाणी दिलं, मी ढेप फोडून वाटीभर गूळ दिला. वाटी संपवली आणि मलाच म्हणाला, "साडू, ह्या गुळाला जरा चुन्याचा वास येतोय का वो?"

तीस वर्षं गुळव्या आहे मी. माझ्या गुळाला चुन्याचा वास!

चौथ्या दिवशी आमच्या घरात देव आला. सहाव्या दिवसापर्यंत गावात कळलं. आठव्या दिवशी माझ्या अंगणात वीसेक माणसं पहाटेची येऊन बसली होती, घोंगड्या पांघरून. माझ्याच गुऱ्हाळात चुलीला जाळ घालणारे जाळवे, ज्यांना मी दम भरतो, ते त्याच्या पुढं हात जोडून. आणि सगळ्यांच्या पुढं हौसा. धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवून विचारत होती, "देवा, ह्यास्नी सुबुद्धी कवा यील?"

ह्यास्नी म्हणजे मला.

त्या दिवशी मी ठरवलं, ह्या देवाची परीक्षा घ्यायची. माझं म्हणणं सरळ होतं. ह्याला हाव आहे गुळाची. दिवसभर खातो, पटक्यात ठेवतो, तरी पुरत नाही, म्हणून पहाटे सोंग घेतो. गूळच मिळाला नाही तर देव किती वेळ थांबतो ते बघू. संध्याकाळी मी घरातला सगळा गूळ, काकवीची बरणी, साखरेचा डबा, सगळं लाकडी पेटीत घातलं. कुलूप लावलं. किल्ली करगोट्याला बांधली. बिरू पटका काढून झोपला तसा पटक्यातला खडा बी काढून घेतला. गुळव्याच्या घरात तोंड गोड करायला कण ठेवला नाही.

पहाटे देव आला. घाम, थरथर, बडबड. लोकांनी प्रश्न विचारून घेतले. मग हौसा आत गेली आणि तशीच बाहेर आली.

"गूळ कुटं हाय?"

"संपला," मी म्हणालो.

"संपला? पेटीला कुलूप कुनी लावलं?"

"बघू की, देव उपाशी किती येळ थांबतोय."

लोक माझ्याकडं बघायला लागले. मी भिंतीला टेकून बसलो होतो, मांडी घालून. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. लय दिवसांनी माणसं माझ्याकडं बघत होती.

बिरूची बडबड हळू झाली. मग थांबली. "बगा," मी म्हणालो, "गेला देव." एवढ्यात त्याचे डोळे पांढरे झाले. मान एका बाजूला कलली, दात खाडकन बसले आणि सगळं अंग झटके द्यायला लागलं. हौसानं किंकाळी फोडली. मी पेटीकडं धावलो. किल्ली करगोट्याला होती, गाठ सुटेना. काहिलीतला पाक बघणारी ही बोटं, एक गाठ सुटेना त्यांना. शेवटी हिसडा मारून करगोटाच तोडला. गूळ आणला तर त्याची दातखीळ बसलेली. आत कण जाईना.

कुणाची तरी जीप होती. उंब्रजला दवाखान्यात नेलं तोवर तो हातपाय गार करून पडला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. वाटेत हौसा एक शब्द बोलली नाही. ती भांडते तेव्हा मला काही वाटत नाही. गप बसली की भीती वाटते.

डॉक्टरांनी बोटाला टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतलं, बघितलं आणि घाईनं शिरेतून साखरेचं इंजेक्शन दिलं. मोठ्या सुईनं, सावकाश. सुई निघायच्या आत बिरूनं डोळे उघडले. इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाला, "च्या हाय का?"

मी भिंतीकडं तोंड केलं. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "ह्यांना मधुमेह आहे? गोळ्या घेतात?"

"न्हाई."

"मग ह्यांच्या अंगातली साखर गेली कुठं?"

साखर माझ्या पेटीत होती हे कसं सांगणार? पण हौसानं सगळं सांगितलं. देव, गूळ, कुलूप, सगळं. डॉक्टर ऐकत राहिले. मग त्यांनी बिरूची बोटं हातात घेतली, नखं आडवी धरून बघितली.

"ढोलानं झाल्यात ती," बिरू पडल्या पडल्या म्हणाला. "हाय का कुनाकडं?"

"ढोलानं नाही झाली," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी नळी छातीला लावली. उजवीकडं ऐकलं, डावीकडं ऐकलं, परत डावीकडं. बोटांनी ठोकून बघितलं, जशी मी आतून ओली राहिलेली ढेप ठोकून बघतो. "डाव्या बाजूला हवा जातच नाही." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बाबा, हा माणूस इतके दिवस गूळ खात होता म्हणून जगला. गूळ नसता तर मागंच एखाद्या पहाटे गेला असता."

ते मला बोलायचं म्हणून बोलले नाहीत. पण लागलं.

फोटो काढला तर छातीची डावी बाजू अर्धी पांढरीधोप. मिरजेला घेऊन जा म्हणाले, मोठ्या दवाखान्यात. मिरजेत चकत्या-चकत्यांचा फोटो काढतात ते मशीन होतं, त्यात घातलं. मग पाठीतून सुई घालून गाठीचा एक कण काढला आणि तपासायला पाठवला. त्याचं उत्तर यायला आठवडा लागला. तो आठवडा आम्ही दोघं तिथंच. हौसा घर आणि गुऱ्हाळ बघायला परत गेली होती.

छातीचे मोठे डॉक्टर होते, सडसडीत, हळू बोलणारे. त्यांनी समजावलं. फुप्फुसाच्या वरचं जे पातळ अस्तर असतं त्यातून ही गाठ उगवलीय. गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. पण आकार मोठा आहे, आणि ती असला एक रस सोडतेय की अंगातली साखर भराभर संपते. रात्रभर पोटात काही नसतं, म्हणून पहाटे सगळ्यात वाईट. बोटं तिच्यामुळं, धाप तिच्यामुळं, गुळाची भूक तिच्यामुळं. "फार क्वचित सापडते," डॉक्टर म्हणाले. "मी एवढ्या वर्षांत अशी एकच पाहिली होती. ही दुसरी."

झालं. हे वाक्य बिरूच्या कानावर पडायला नको होतं.

दुसऱ्या दिवसापासून शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. पांढरे डगले घालून दहा-दहा जण यायचे, बोटं बघायचे, छाती ठोकायचे, वहीत लिहून घ्यायचे. बिरू खाटेवर मांडी घालून बसायचा, पाटलासारखा. "या, या. ठोका. त्या बाजूनं ठोका, तिकडं आवाज लय भारी येतोय. मोट्या डाक्टरांनी सोता दुसरीच बघिटली. हाय का कुनाकडं?"

खरं सांगतो. माणूस मरणाच्या दारात, आणि मला त्याच्या गाठीचा हेवा. इतकी वर्षं मी म्हणत होतो हा हावरा आहे. तर ती हाव सुद्धा ह्याची नव्हे, गाठीची! ह्याचा हावरेपणा निर्दोष सुटला आणि माझा कद्रूपणा तेवढा खरा ठरला.

शेवटी मी मोठ्या डॉक्टरांना गाठलं. म्हणालो, "साहेब, माज्या बी छातीचा फोटो काढा. मला बी कधी कधी जड वाटतं." त्यांनी काढला. फोटो उजेडाला धरून म्हणाले, "बाबा, तुमची छाती एकदम साफ आहे. काहीही नाही."

बिरूनं विचारलं, "काय निगालं?"

"काय न्हाई."

"असू द्या," तो म्हणाला. "समद्यांच्या नशिबात नसतं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरनं सांगितलं, आता ह्यांना तोंडानं काही द्यायचं नाही, उपाशी ठेवायचं. मी उठलोच. "उपाशी? अजाबात न्हाई! त्याला उपाशी ठेवला की काय हुतं ते म्या बघिटलंय." ती म्हणाली, नियम आहे. मी म्हणालो, नियम घाल चुलीत. आवाज चढला तशी आणखी दोघी आल्या. एकीचं लक्ष माझ्या टोपीकडं गेलं. टोपीतून माझ्या कपाळावर ओघळ आला होता.

मिरजेला आल्यापासून मी टोपीत गूळ ठेवत होतो. वेळ सांगून येते काय?

सिस्टरनं टोपी काढायला लावली, खडा जप्त केला आणि मग मला हाताला धरून खाटेपाशी नेलं. सलाईनची बाटली दाखवली. "बाबा, ह्यात साखरच आहे. थेंब थेंब चालू राहील. तासातासाला आम्ही रक्त तपासणार आहोत." मी बाटलीतले थेंब मोजत बसलो. बिरू बघत होता.

सही करायला जवळचा माणूस पाहिजे म्हणाले. बायको? नाही. मुलगा? नाही. भाऊ? नाही. "मग हे कोण?" "साडू," मी म्हणालो. लिहिणाऱ्यानं वर बघितलं. "रक्ताचं कुणीच नाही?" बिरू म्हणाला, "हेच हायत. ह्यांचीच घ्या." मला सही येते. नाव लिहायला वेळ लागतो, पण पूर्ण लिहितो. त्या दिवशी माझ्या नावाचं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं.

सकाळी आठला आत नेला. दार बंद झालं. मी बाकावर बसलो. कमरेला करगोटा नव्हता, तोडल्यापासून नवीन बांधला नव्हता. तिथं सारखा हात जात होता. ती पहाट डोळ्यापुढून जात नव्हती. माझी मांडी, माझं भिंतीला टेकणं, "बघू की, देव उपाशी किती येळ थांबतोय." आत तो गेला असता तर गाठीनं गेला असं सगळ्यांनी म्हटलं असतं. पण मला माहीत होतं की एकदा मी त्याला मारलाच होता. मी देवाला काही बोललो नाही. आमचं दोघांचं तेव्हा बरं नव्हतं.

दुपार झाली. मोठे डॉक्टर बाहेर आले. घाम पुसला. मला बोलावून तसराळ्यात ठेवलेली गाठ दाखवली. मी आयुष्यभर ढेपा बघितल्यात. ही तशीच होती. लहान ढेप, वरून गुळगुळीत, मधे मधे उंचवटे, फिक्या रंगाची. खाली एक बारीक देठ. "भोपळ्याला असतो तसा देठ," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यावरच लोंबत होती. फुप्फुसात रुजली नव्हती, म्हणून सगळी निघाली. फुप्फुस आता फुगायला लागलंय. आणि साखर आत्ताच तपासली. वर आलीय."

"त्यो कसा हाय?"

"चांगला आहे."

मी गाठीकडं परत बघितलं. दोन किलो तरी असावी. मनात पहिला विचार काय आला, तर आता हा मेल्याशिवाय गप बसत नाही.

तसंच झालं. छातीत नळी, नळी खाटेखालच्या बाटलीत, बाटलीत बुडबुडे. दर श्वासाला कळ. आणि हा गडी चौथ्या दिवशी वॉर्डभर ओरडून सांगतोय, "दोन किलो! देठासकट! हाय का कुनाकडं?" फुप्फुस फुगायला फुगे फुगवा सांगितलं होतं. शेजारचे पेशंट एक फुगा फुगवून दमायचे. ह्यानं सात फुगवले आणि खाटेला बांधले. खाट लग्नातल्यासारखी दिसत होती. गाठ म्हणे दवाखान्यानं शिकणाऱ्यांसाठी बरणीत ठेवली. माझ्या खड्याला आगपेटी, ह्याच्या गाठीला काचेची बरणी.

टाके निघाल्यावर त्याला आमच्याच घरी आणला. आटपाडीत कोण होतं बघायला? पहिल्या पहाटे अंगणात माणसं येऊन बसली. बिरू घोरत पडला होता. दिवस वर आला, उठला, तोंड धुतलं, लोकांना रामराम केला. देव काही आला नाही. दोन-तीन दिवस वाट बघून लोक यायचे थांबले. एक म्हातारी जाता जाता म्हणाली, "डाक्टरांनी देवच काढून टाकला गं बाई."

गूळ बी सुटला. चहात हौसानं नेहमीसारखा मूठभर घातला तर एक घोट घेऊन म्हणाला, "आक्का, लयच ग्वाड झालं." पटका रिकामा. माश्या दोन दिवस घुटमळल्या आणि गेल्या.

मला वाटलं, आता तरी माणूस खाली येईल. तर त्यानं नवीनच सुरू केलं. बघायला येणाऱ्याला शर्ट वर करून काखेखालून पाठीपर्यंत गेलेला व्रण दाखवायचा आणि सांगायचा, "ह्यो रोग वळकला कुनी? डाक्टरांनी न्हाई. आमच्या थोरल्या साडूंनी! समदं गाव देव म्हनत हुतं. एकटं साडू म्हनलं, ह्यो देव न्हाई, ह्याच्या गुळातच कायतरी हाय. गूळ कोंडून बघिटला, तवा रोग उगडा पडला. असला साडू हाय का कुनाकडं?"

ही गोष्ट मेंढरांसारखी पसरली. सासरवाडीहून निरोप आला, थोरल्या जावईबापूंनी लय शहाणपणा केला. पारावर मला जागा करून द्यायला लागले. एक जण तर छाती उघडी करून पुढं बसला, "तात्या, जरा ठोकून बघा की." मी ठोकून बघितली. काय बोलणार? तीस वर्षं ज्याच्यासाठी जळलो ते सगळं आयतं दारात आलं होतं, आणि आणून देणारा कोण, तर हा. घशाखाली उतरत नव्हतं.

एका दुपारी हौसा विहिरीवर गेली होती. बिरू ओट्यावर उन्हाला पाठ देऊन बसला होता. मी जवळ जाऊन बसलो.

"बिरू, एक सांगतो. मधी बोलू नगंस. गूळ म्या तुज्या भल्यासाठी न्हवता कोंडला."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"जळून कोंडला. म्या जागाच हुतो की, तुमी पटक्यातनं खडा काडला तवा."

"मग तवाच का बोलला न्हाईस? आन् गावभर असलं कशापायी सांगत सुटलास? माजी थट्टा करतोस काय?"

बिरू बोटं बघत होता. नखांची फूग जरा कमी व्हायला लागली होती.

"थट्टा न्हवं वो," तो म्हणाला. "शेवंता गेल्यापास्नं म्या महिन्याला अख्खी ढेप खात हुतो. सकाळी उठून भुईवर पडायचो, कवा कवा चुलीपाशी. आपलंच आपुन उठायचो. देव देव म्हनून लोक येत हुते, ते परश्न इचारायला. गूळ घिऊन येत हुते, दिऊन जात हुते. पर 'आरं बिरू, किती खातूस' आसं एकानं म्हनलं न्हाई. घरात दुसरा डोळाच न्हवता. तुमच्यात आलो, आठ दिवस झालं न्हाईत तवर तुमच्या डोळ्यात आलं. रागानं का हुईना, तुमी मोजत हुता माजं खाणं. म्या पडून बघत हुतो तुमी खडा काडताना. म्हनलं, हाय बाबा, कुनाचं तरी ध्यान हाय."

मी उठलो आणि हौसा येतेय का ते बघायला अंगणाच्या टोकापर्यंत गेलो.

हौसा आली. भाकरी थापल्या, आमटी वाढली. दोघं शेजारी बसलो. बिरू आता जपून खायचा, पोटातली ती भूकच गेली होती. दीड भाकरी खाल्ली आणि हात धुवायला उठायला लागला.

"बस," मी म्हणालो. "दीडच झाली."

"भरलं वो पोट."

"काल बी दीडच. परवा दोन खाल्ल्या हुत्यास."

मी माझ्या ताटातली अर्धी भाकरी मोडली आणि त्याच्या आमटीत टाकली. तो बघत राहिला.

"खा," मी म्हणालो. "मी बघतोय."